जोड कुणाशी?

“मग किती पोरं देतासा, वस्ताद? हो का न्हाई, तेवढं सांगा.”

तातोबा वस्तादांनी मान वर केली नाही. ते तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या आखाड्यात, उभे राहून खोऱ्याने तांबडी माती वरखाली करत होते. सकाळीच त्या मातीत ताक, तेल आणि हळद पडली होती.

“कुस्ती हाय?”

“कुस्ती न्हवं. मोहीम हाय. आज दिस मावळताना, नदीपल्याड. वीटभट्टीवर.”

“काय हाय तिथं?”

“ते हायत.”

“ते म्हंजी?”

“उपरे. बाहेरनं येऊन आमच्या उरावर बसल्यात ते. त्यांच्या झोपड्या पेटवायच्या. एकदा पेटल्या की परत येत न्हाईत.”

वस्ताद माती ओढत राहिले...

ही गोष्ट आमच्या तालमीत अजून सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण तिच्यात आपल्या चवीचं मीठ घालतो. कुणी वस्तादांच्या तोंडी लांबलचक भाषण देतो. वस्ताद भाषण करणारे नव्हतेच. त्यांच्याकडून सलग दोन वाक्यं ऐकायला मिळाली तर पोरं दिवाळी समजायची.

विचारणारा होता धैर्यशील. वस्तादांच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला, तालमीतला सगळ्यात देखणा पैलवान. जत्रेच्या मैदानात सगळ्या गावासमोर त्याचा गुडघा निखळला आणि कुस्ती तिथेच संपली. सैन्यभरतीही त्या गुडघ्याने घालवली. त्यानंतर तो तालमीत फिरकलाच नव्हता. आज आला तो गळ्यात इंद्रजितदादांच्या रणहुंकार पथकाचा काळा रुमाल बांधून, आणि बूट घालून थेट हौद्याच्या काठापर्यंत.

बूट घालून तिथवर कुणी येत नसे. पोरं नुसती बघत राहिली.

“बरं,” वस्ताद म्हणाले. “जोड कुनाशी हाय तुझी?”

“सांगितलं की. त्येंच्याशी.”

“त्येंच्यातल्या कुनाशी?”

“सगळ्यांशी.”

वस्तादांनी खोरं थांबवलं.

“सगळ्यांचं वजन किती भरतं?”

पोरं फिसकन हसली. धैर्यशीलने वळून पाहिलं, तशी गप्प झाली.

“चेष्टा नगा करू, वस्ताद. मी चेष्टेला आलो न्हाई.”

“मी तरी कुटं करतोय.”

मैदानात जोड लागते ती अशी. वस्ताद आपल्या पैलवानाचं मनगट धरून हात वर उचलतो आणि त्याला मैदानभर फिरवतो. ज्याला लढायचं असेल तो पुढे येतो. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना मापतात आणि दोघांनी ‘मान्य’ म्हटलं की जोड लागली. तातोबा वस्तादांच्या तालमीत याच्या पुढची एक रीत होती आणि ती पाळण्यात ते भलतेच कडक होते. जोड लागल्यापासून कुस्ती होईपर्यंत जोडीदाराचं अंग राखणं ही आपली जबाबदारी. मधल्या दिवसांत त्याला कुणी नुसतं ढकललं तरी तोंड काळं व्हायचं ते आपलं.

“कुनी सांगितलं तुला त्यांच्याबद्दल?” वस्तादांनी विचारलं.

“इंद्रजितदादांनी.”

“काय केलं त्यांनी?”

“कामं खाल्ली आमची. बायाबापड्यांना नदीवर जायची सोय ठेवली न्हाई. व्हिडिओ हाय.”

“तू बघितलंस?”

“व्हिडिओ बघितला.”

“नदीवर गेल्तास?”

धैर्यशीलच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

“वाद घालू नगा, वस्ताद! गुडघा गेला तवा कोन आलं हुतं माझ्याकडं? चौकात चहाला गेलो की लोकं लंगडत चालून दाखवायची. खिदळायची. दादांनी मला जीपमधी पुढं बसवलं. सगळ्यांम्होरं म्हनले, हा माझा वाघ. दुसऱ्या कुनी म्हनलं?”

“खिदळत हुती ती वीटभट्टीवरची?”

धैर्यशीलने रुमालाची गाठ चाचपली.

“गावातलीच,” तो शेवटी म्हणाला.

“हां. आन मी बी आलो न्हाई. यायला पायजे हुतं. चुकलं माझं.”

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसासमोर कुणी चूक कबूल केली की त्याची पंचाईत होते. धैर्यशीलचं तसंच झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पोरांना दिसलं म्हणून तो आणखी चिडला.

वस्ताद काठावर येऊन बसले.

“पथकात पयल्यांदा काय केलंस?”

“एका दुकानाच्या पाटीवर दगड मारला.”

“मग?”

“त्येंच्यातल्या एकाच्या कानफटात दिली. पाणीपुरी इकत हुता.”

“कसं वाटलं?”

“जेवलो न्हाई त्या दिवशी.”

“दुसऱ्यांदा?”

“...जेवलो.”

“आज?”

“आज दोन घास जास्तच खाऊन आलोय,” धैर्यशील छाती काढून म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

वस्तादांनी अंगावरची माती झटकली आणि ते उठले.

“चल. सगळी पोरं येतील. मी बी येतो.”

पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शिवतेज नावाचा एक थोराड पोरगा “वस्ताद, पर...” म्हणून पुढे सरकला. वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याचं ‘पर’ तिथेच राहिलं.

धैर्यशीललाही हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

“आत्ता? जीप दिस मावळताना येनार हाय.”

“आधी जोड लावू. रीतीनं.”

“मोहिमेला कसली जोड?”

“भ्यालास?”

“कुनाच्या बापाला भीत न्हाई मी!”

“मग बूट काढ आन चल.”

उन्हं कलायला लागली होती. फरशी पुलावरून सगळी वरात निघाली. पुढे वस्ताद, त्यांच्या मागे अनवाणी धैर्यशील आणि त्याच्या मागे लंगोटाची लांग कसलेली पोरं. धैर्यशीलचा उजवा पाय फरशीवर नीट टेकत नव्हता. वस्ताद त्याच्यासाठी थांबले नाहीत आणि त्यानेही थांबा म्हटलं नाही.

पलीकडे ओल्या विटांच्या रांगा वाळत होत्या. पत्र्याच्या आडोशाला एक बाई तांदूळ निवडत होती. एक म्हातारा साच्यातला चिखल पाण्याच्या हाताने सारखा करत होता. काळा रुमाल दिसताच बायांनी मुलं आत ओढली आणि मुकादमाने पोलिसांना फोन लावला. निघालोच म्हणाले. ते अजून निघालेलेच आहेत, असं आमच्या तालमीत म्हणतात.

धैर्यशीलने ती वस्ती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. व्हिडिओत ती फार मोठी दिसली होती.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं, हात वर उचलला आणि त्याला विटांच्या रांगांमधून फिरवायला सुरुवात केली.

“आमच्या तालमीचा पैलवान हाय! कोन हाय लढनारा?”

कुणी हललं नाही...

“हाय का कोन?”

तांदूळ निवडणारी बाई सूप छातीशी धरून उभी राहिली. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. धैर्यशीलचा हात वर होता. आपल्याकडे बघून कुणी हात जोडतंय ही गोष्ट त्याला आवडायला हवी होती. जीपमधून आवडायची. इथे, वस्तादांनी मनगट धरलेलं असताना, त्याला लाज वाटली.

“सोडा, वस्ताद. हितं कोन पैलवान असनार?”

तेवढ्यात भट्टीच्या मागून एक जण आला. धैर्यशीलच्याच वयाचा, कोपरापर्यंत चिखलाने भरलेला, मान बैलासारखी. त्याने वर उचललेला हात पाहिला, मागची लांगवाली पोरं पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. परदेशात कुणी आपल्या गावचं भेटावं तसा.

“कुस्ती?”

“कुस्ती,” वस्ताद म्हणाले. “नाव?”

“रामबचन. गावाकडे अखाड्यात होतो मी. इकडे चार सीझन झाले, कोणी विचारलाच नाही.”

त्याने हात धुतले. वाकून कोरडी माती उचलली, कपाळाला लावली आणि रीतीप्रमाणे धैर्यशीलच्या खांद्याला, दंडाला चोळायला लागला. आपली पकड बसावी म्हणून पैलवान समोरच्याच्या अंगाला माती लावतो. धैर्यशीलही नकळत वाकला, त्यानेही मूठ भरली. कित्येक महिन्यांत त्याच्या हातात माती आली नव्हती.

रामबचनचा हात मध्येच थांबला.

“पैलवान... घुटना दुखते तुमचा.”

“काय न्हाई त्याला!”

“दुखते. तुम्ही सगळा वजन डाव्या पायावर घेतला. आज नाही लढणार मी.”

“भ्याला,” धैर्यशील वस्तादांना म्हणाला.

“भिला नाही,” रामबचन म्हणाला. “दुखते पायावर जिंकणार तर माझी काय इज्जत?”

आणि धैर्यशील काही बोलायच्या आत त्याने त्याच्या गळ्यातला काळा रुमाल ओढून काढला, खाली बसला, आणि पैलवान बांधतात तसा गुडघ्याभोवती तिढा घालून करकचून बांधला.

“आता टाका पाय.”

धैर्यशीलने पाय टाकला. तो टेकला.

इतके महिने तो इंद्रजितदादांच्या जीपमध्ये पुढे बसत होता. चढताना दर वेळी जीव जायचा. दादांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्याला हे आत्ता आठवलं आणि आठवल्याचा रागही आला.

वस्तादांनी मनगट सोडलं नव्हतं.

“रामबचन, कवा लढशील?”

“घुटना बरा झाला की. जेव्हा सांगाल तेव्हा.”

“जोड मान्य?”

“मान्य.”

त्याने हात पुढे केला. वस्ताद धैर्यशीलकडे वळले.

“तुला?”

धैर्यशीलने सूर्याकडे पाहिलं. मग पत्र्याच्या झोपड्यांकडे, मग वस्तादांकडे. वस्ताद काय करून बसलेत हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

“वस्ताद... तुमी मला अडकवलंसा.”

वस्तादांनी मनगट सोडून दिलं.

“न्हाई म्हन. अजून म्हनता येतं. जा, जीपमधी बस.”

“आन तुमी?”

“मी हितंच ऱ्हानार.”

“पेटवली तरी?”

“पेटवली तरी.”

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की कुणालाही शंका राहिली नाही. पोरं एकेक करून खाली बसली...

धैर्यशील मात्र उभाच होता. सांगणारे म्हणतात की त्याला वस्तादांची काळजी वाटली. मला तसं वाटत नाही. त्याला भीती वाटत होती. आगीची नाही, रामबचनची तर नाहीच. जीपमधली पुढची जागा जाईल, याची. ती गेली की पुन्हा तो चौक, तो चहा आणि ती लंगडत चालून दाखवणारी माणसं.

“ते सोडनार न्हाईत मला.”

“न्हाई सोडनार.”

“गद्दार म्हनतील.”

“म्हनतील.”

“मग मी कुनाचा, वस्ताद?”

वस्ताद विटांच्या ढिगावर जाऊन बसले.

रामबचन हात पुढे करून तसाच उभा होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या बिचाऱ्याला एवढंच कळलं होतं की कुस्ती ठरतेय.

धैर्यशीलने त्याच्या हातात हात दिला.

“मान्य,” तो म्हणाला. मग कुणी ऐकलं नसेल अशा शंकेने आणखी एकदा म्हणाला, ओरडून.

सूर्य टेकला तशी जीप आली. मागे दाटीवाटीने पथकाची पोरं आणि त्यांच्या पायांशी रॉकेलचे डबे. पांढरे कपडे, हातात कडं घातलेले इंद्रजितदादा उतरले आणि तालमीची पोरं बघून खूश झाले.

“शाब्बास रं वाघा! आधीच पोचलास? डबं उतरवा रं!”

“डबं तसंच ऱ्हाऊ द्या, दादा.”

“काय म्हनलास?”

“ह्याच्याशी माझी जोड लागलीय. कुस्ती होईपतूर ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. ह्याच्या घराला बी न्हाई.”

“कुनाशी लागलीय?”

“रामबचनशी.”

“कोन रामबचन?”

“हा. हा काय शेजारी उभा हाय.”

दादांनी शेजारी पाहिलं नाही.

“ते सगळे सारखेच, लेका. सांगितलं हुतं तुला. भुललास व्हय? म्हाताऱ्यानं भुलवलं?”

“मी म्हनलो मान्य. माझ्या तोंडानं म्हनलो.”

दादांनी त्याच्या थोबाडीत मारली. आवाज पार भट्टीपर्यंत गेला. तालमीची पोरं उठली. विटांच्या ढिगावर बसलेले वस्ताद नुसते खाकरले, तशी ती जागीच थांबली.

धैर्यशील हलला नाही. त्याने हातही उचलला नाही. ओठातून रक्त आलं ते त्याने पुसलं आणि दोन्ही पाय रोवून होता तिथेच उभा राहिला. कुस्तीत इतका घट्ट तो कधी उभा राहिला नसेल.

“डबं न्हाई उतरायचं, दादा.”

दादांनी समोरची माणसं नजरेने मोजली. पेटवायला आलेल्या माणसाला समोर ओळखीची तोंडं नको असतात, आणि इथे तर रोज रामराम घालणारी तोंडं होती. शिवाय स्वतः पुढे होऊन काडी ओढायची त्यांना सवय नव्हती. ती कामं त्यांनी नेहमी वाघांवर सोपवली होती.

“आज ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “बघून घेतो. गद्दार!”

जीप वळली. वळताना डबा हातात घेतलेला एक पोरगा मागून खाली उतरला. त्याने डबा रस्त्याच्या कडेला ठेवला. जीपने भोंगा वाजवला, कुणी आईवरून शिवी दिली, पण तो परत चढला नाही. जीप धुरळा उडवत निघून गेली आणि तो खाली मान घालून पुलाच्या दिशेने चालायला लागला.

इकडे बायांनी दारं उघडली. कुणीतरी धैर्यशीलला पाण्याचा तांब्या दिला. तो त्याने घेतला, पण पाणी प्याला नाही. इतका वेळ रोखून धरलेलं सगळं आता त्याच्या अंगात उसळत होतं.

“वस्ताद, पोरं द्या!”

वस्ताद ढिगावरून उतरले.

“जीप चढावर हळू व्हनार. मधल्या वाटंनं गेलो तर गाठतो. रॉकेल त्येंचंच हाय, त्येंच्याच जीपवर वततो. वर्षभर नासवलं मला. एकाला सोडत न्हाई आता. ते सगळे...”

वस्तादांनी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. त्याचा चेहरा उतरला होता का तापला होता, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही.

वस्तादांनी पुलाकडे बोट केलं.

“त्यो चालत निघालाय, त्यो कोन?”

“सौरभ. त्यो बी त्येंच्यातलाच.”

“लौकर जा. पूल संपला की चौक हाय. त्याच्या आत गाठ त्याला.”

“गाठतो. आन काय करू?”

“काय करू नगंस.”

“मग सांगू काय त्याला?”

“सांगू बी नगंस. निस्ता संगं चाल.”